रामटंक्याचे खरेखोटे

महाराष्ट्राबाहेर नोकरीत आयुष्य घालविलेल्या मंडळींच्या घरी गेले, की बदलीच्या प्रत्येक गावाची एखादी खूण दिवाणखान्यात आढळते. कोणाकडे कृष्णनगरच्या मातीच्या बाहुल्या असतात, कोणाकडे मुरादाबादी पितळेची फुलदाणी असते. आमच्याकडे नाणी आहेत. नाण्यांना जागा थोडी लागते, सामानाच्या बांधाबांधीत ती फुटत नाहीत, आणि बदलीच्या भत्त्यावर त्यांचा भार पडत नाही. या छंदाची वार्ता कचेरीत पसरली, की लोक आपापल्या घरची जुनी नाणी दाखवावयास आणू लागतात, आणि कोणी न नेमता आम्ही न्यायाधीश होऊन बसतो. त्या पदावरून दिलेल्या एका निकालाने आम्हांस पुढे बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही. त्याचीच ही हकीकत आहे.

अवधातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी तेव्हा आमची नेमणूक होती. तेथून अयोध्या मोटारीने दोन-अडीच तासांवर. कचेरीतील बडे बाबू निवृत्तीस दीड वर्ष उरलेले, मितभाषी आणि हिशेबास पक्के असे गृहस्थ होते. एके दिवशी सायंकाळी ते आत आले आणि लाल कापडाची एक पुरचुंडी त्यांनी आमच्या टेबलावर सोडली. आत रुपयाहून थोडे मोठे, पिवळट धातूचे एक नाणे होते. एका अंगास सिंहासनावर बसलेले राम-सीता आणि भोवती त्यांचा परिवार; दुसऱ्या अंगास इंग्रजी अक्षरांत ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, अर्धा आणा हे मूल्य आणि १८१८ हे साल. बाबूजी म्हणाले, ‘‘साहेब, हे अम्मांच्या पूजेतले आहे. त्यांना त्यांच्या सासूबाईंनी दिले. एक माणूस म्हणतो, हे तांदूळ ओढते.’’

ज्यांनी पोलीस खात्यात किंवा महसुलात काम केले आहे, त्यांस हे प्रकरण नवे वाटणार नाही. ‘राईस पुलर’ या नावाने ते देशभर चालते. जुन्या तांब्यापितळेच्या वस्तूवर वीज पडली, की तिच्यात इरिडियम उतरते. मग ती तांदळाचे दाणे स्वतःकडे खेचू लागते. परदेशचे शास्त्रज्ञ तिच्यासाठी कोट्यवधी रुपये मोजतात. मात्र तत्पूर्वी तिची तपासणी व्हावी लागते, आणि तपासणीचा खर्च मालकाने सोसावयाचा असतो, असे हे आख्यान आहे. प्रात्यक्षिकाच्या तांदळात लोखंडाचा कीस मिसळलेला असतो व जवळपास कोठे तरी लोहचुंबक दडविलेले असते. बाबूजींकडे दीड लाख रुपये मागितले होते आणि त्यासाठी ते आंब्याची बाग गहाण ठेवावयास निघाले होते.

आम्ही नाणे हातात घेऊन उलटेपालटे केले. पाव मिनिटही लागले नसेल. ‘‘बाबूजी, हे नकली आहे,’’ आम्ही म्हणालो. ‘‘पितळेचा तुकडा आहे. कंपनीने असले नाणे कधी पाडलेच नाही. त्या माणसास दारात उभे करू नका.’’

बाग वाचली. आठ दिवसांनी बाबूजी तीच पुरचुंडी घेऊन पुन्हा आले. ‘‘साहेब, हे आपल्याकडेच असू द्या. नकली वस्तू पूजेत ठेवणे ठीक नव्हे.’’ आम्ही विचारले, ‘‘अम्मा काय म्हणाल्या?’’ ते म्हणाले, ‘‘काही बोलल्या नाहीत. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. पूजेच्या वेळी हात त्या जागेकडे जातो आणि परत येतो, एवढेच.’’

आमच्या निकालात चूक नव्हती. तो कोणत्याही अपिलात टिकला असता. तरीही एका वृद्धेच्या देवघरातून एक देव आमच्या शब्दाने उठला होता, आणि तो उठावा असे आम्ही म्हटले नव्हते. की म्हटले होते?

त्या पाव मिनिटात आम्ही काय पाहिले, ते आधी सांगतो. कंपनीचा खरा अर्धा आणा १८३५ च्या कायद्याने आला. तो तांब्याचा असे. वजन २०० ग्रेन, म्हणजे सुमारे १३ ग्रॅम. त्याच्या एका अंगास कंपनीचे दोन सिंहांचे चिन्ह व खाली लॅटिन ब्रीद, दुसऱ्या अंगास पानांच्या वेलीत मूल्य. राम नाही, हनुमान नाही, ओंकार नाही. १८१८ साली तर सबंध हिंदुस्थानास एकच असे कंपनीचे नाणेच नव्हते. ज्या त्या इलाख्याची टांकसाळ आपापली नाणी पाडीत असे. त्या वर्षी जूनच्या ३ तारखेस दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. पुण्याच्या दौलतीचा हिशेब मिटविण्याच्या त्या धांदलीत कंपनीस रामदरबार कोरण्याची फुरसत सापडली असेल, ही कल्पना निदान मराठी माणसास तरी पटू नये. याच जातीच्या तुकड्यांवर १६१६, १७१७, १८३९ अशीही साले बाजारात दिसतात. १६१६ साली कंपनीच्या वतीने आलेला सर टॉमस रो जहांगीराच्या दरबारी व्यापाराच्या सवलतीसाठी खेटे घालीत होता. तो हिंदुस्थानात कंपनीचे आणे पाडीत नव्हता. शिवाय धातूची ठेवण बोलते. खरे नाणे दोन ठशांमध्ये दाबून पाडलेले असते आणि त्याच्या अक्षरांस धार असते. हे ओतीव होते; अक्षरे मेणासारखी गोलसर, आणि किनारीवर साच्याचा जोड नखास लागत होता.

हे सर्व एकाच अंगाचे झाले. दुसऱ्या अंगाकडे आम्ही पाहिलेच नव्हते. पुरचुंडी आमच्या टेबलाच्या खणात पडली, तेव्हा कुठे एका रविवारी सकाळी भिंग लावून आम्ही ते अंग पाहिले.

रामदरबाराच्या या मुद्रांची परंपरा मोठी आहे आणि ती कंपनीच्या नावाची मुळीच मिंधी नाही. त्यांना रामटंका म्हणतात. दक्षिणेत त्या सोन्याच्या, काही तर वाटीसारख्या खोलगट घडविल्या जात, आणि देवावर किंवा राजावर सुवर्णमुद्रांचा वर्षाव करावयाचा, त्या कनकाभिषेकाशी त्यांचे नाते सांगतात. पुढे उत्तरेत चांदीच्या आणि पितळेच्या मुद्रा तीर्थक्षेत्री विकल्या जाऊ लागल्या. यात्रेकरूंनी त्या घरी आणल्या, देव्हाऱ्यात ठेवल्या, धान्याच्या कोठीत आणि पैशाच्या पेटीत शकुन म्हणून टाकल्या. त्या चलन नव्हत्या व चलन आहोत असे म्हणतही नव्हत्या. अर्विन ब्रॉटमन याने १९७० मध्ये आणि मायकेल मिचिनर याने १९९८ मध्ये या मुद्रांवर पुस्तके प्रसिद्ध केली, म्हणून आमच्यासारख्या हौशी माणसासही त्या आज ओळखता येतात.

जुन्या धाटणीच्या रामटंक्यावर एका अंगास राम व लक्ष्मण धनुष्ये घेऊन उभे असतात, ते वनवासातील. दुसऱ्या अंगास दरबार भरलेला असतो. मध्ये राम आणि त्याच्या डावीकडे सीता. मागे छत्र धरणारा बंधू, बाजूस इतर बंधू, आणि पायाशी वाकलेला हनुमान. मुद्रा झिजून आकृतींचे नुसते उंचवटे उरले असले, तरी छत्राच्या दांड्यावरून मागचा सेवक-बंधू ओळखता येतो आणि शेपटीच्या बाकावरून हनुमान. कडेने नागरी अक्षरे असतात, पण त्यांवरच्या मात्रा बहुधा गळालेल्या असतात. जानकीचे ‘जानक’ होते, हनुमानाचे ‘हनमन’ होते. खोदणारा कारागीर अक्षर वाचून काढीत नसे, पाहून काढीत असे, हे त्यावरून उघड दिसते. वनवास आणि राज्याभिषेक एकमेकांस पाठ लावून बसविण्याची ही कल्पना आम्हांस नेहमीच आवडत आली आहे. पस्तीस वर्षे बदल्या भोगलेल्या माणसास ती का आवडावी, हे या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको.

अम्मांच्या मुद्रेवर दरबार होता, परंतु रामाचा चेहरा नव्हता. तो ओतकामात बिघडलेला नव्हता; तो पुसला गेला होता. सीतेचे नाक, हनुमानाचे मस्तक, सर्वच उंचवटे गुळगुळीत होऊन एका पातळीस आले होते, आणि त्यांच्या मधल्या खाचांत जुने गंध दगडासारखे घट्ट बसलेले होते. उलट कंपनीच्या नावाचे अंग जवळजवळ जसेच्या तसे होते. हातोहात फिरणारे चलन दोन्ही अंगांनी सारखे झिजते. ही मुद्रा एकाच अंगाने झिजली होती, म्हणजे ती बाजारात फिरली नव्हती. रोज कोणाचे तरी बोट एकाच जागी टेकत आले होते. तिच्यावर कोरलेले साल खोटे, परंतु या झिजेत दोन सुनांची वर्षे जमा होती आणि ती कोणास बनविता येण्याजोगी नव्हती. नाणी ओळखण्याचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाने हे अंग आधी पाहावयास हवे होते.

‘खोटे’ हा शब्द आपण फार ढिलाईने वापरतो. नाणे खोटे असते, साक्ष खोटी असते, माणूस खोटा असतो, आणि एखाद्याचा देवही खोटा आहे असे आपण त्याच दमात म्हणून जातो. हिंदीत आम्ही ‘नकली’ म्हटले; तो शब्दही तितकाच बेफिकीर. कचेरीत जन्म गेलेल्या माणसास तर शिक्क्यापलीकडे सत्याची दुसरी खूणच माहीत नसते. ‘खरी नक्कल’ असा शेरा मारून आम्ही सही करतो, तेव्हा ती मुळाबरहुकूम आहे एवढेच सांगतो; मूळ कागदात लिहिलेले खरे आहे असे सांगत नाही. नाण्याचेही तसेच. नाणे हे वचन असते: अमुक सत्तेने अमुक मोलाची हमी घेतली आहे. ती सत्ता ते वचन नाकारील, तर नाणे खोटे. बाबूजींच्या नाण्याने कंपनीचे वचन दाखविले आणि कंपनीने ते कधी दिलेच नव्हते, म्हणून त्या अर्थाने ते खोटेच. परंतु अम्मांनी त्या मुद्रेकडे कंपनीचे वचन मागितले होते कुठे?

खऱ्या नाण्यांवरच्या देवांचीही गंमत पाहावी. मुहम्मद घोरीने कनौजचा प्रदेश जिंकल्यावर सोन्याची जी नाणी पाडली, त्यांतल्या काहींवर बसलेली लक्ष्मी आहे आणि पाठीमागे नागरीत त्याचेच नाव आहे. ते खरे नाणे. राजाचे, सोन्याचे, बाजारात चाललेले. पण त्यात भक्ती शोधणे व्यर्थ होय. प्रजा गाहडवालांच्या लक्ष्मीच्या नाण्यास सरावली होती, म्हणून जेत्याने तीच लक्ष्मी चालू ठेवली. ज्या कंपनीच्या नावाने अम्मांची मुद्रा खोटी ठरते, त्या कंपनीने मद्रास इलाख्यात विष्णूची मूर्ती असलेले सोन्याचे होन खरोखरच पाडले होते. देव आणि त्याच्या दोन्ही पत्नी असलेला ‘तीन स्वामी’ होन तर नाणेसंग्राहकांत प्रसिद्धच आहे. तेही खरे. परंतु त्यामागे दक्षिणेतल्या सावकाराचा विश्वास हवा होता, व्यंकटेशाचा प्रसाद नव्हे. अकबराने आपल्या कारकिर्दीच्या अखेरीस, इलाही ५० या वर्षी, म्हणजे १६०४-०५ च्या सुमारास, धनुष्य घेतलेला राम आणि मागून येणारी सीता अशी नाणी पाडली व त्यांवर नागरीत ‘राम सीय’ असे लिहविले. तेथे मात्र व्यापाराहून निराळे काही तरी मनात असावे असे आम्हांस वाटते. पण ती चाललीच किती? आज ती संग्रहालयांत मोजून सापडतात.

म्हणजे एका पारड्यात खरी नाणी आणि उसना देव. दुसऱ्या पारड्यात खोटे नाणे आणि दोन आयुष्यांची पूजा. आमच्या घराण्यात पुतळ्यांची एक माळ होती. त्या पुतळ्यांवर कोणी देव असावा असे समजून आजी त्यांस हळदकुंकू लावीत असे. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसच्या गणराज्याचा डुकाट; त्यावर तेथला अधिपती सेंट मार्कपुढे गुडघे टेकून बसलेला असतो. दक्षिणेत तर याच नाण्यावरचा ध्वजदंड पाहून लोकांस माडावर चढणारा माणूस दिसला व त्यांनी त्यास ‘शाणार कासू’ म्हटले. आजीचे हळदकुंकू सेंट मार्काने नाकारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

लेखा विभागातील आमचे एक स्नेही येथवर ऐकून म्हणाले, ‘‘मग झाले तर. श्रद्धा असली म्हणजे खरेखोटे कशास पाहावे?’’ हे आम्हांस मुळीच मान्य नाही, आणि या लेखाचा तसा अर्थ कोणी काढू नये. त्या मुद्रेवर १८१८ हे साल कोणी तरी घातले. ज्याने पहिला साचा केला, त्यास ठाऊक होते की आपण खोटे लिहीत आहोत. पुढच्यांनी पाहून पाहून काढले असेल. मूर्तिकार जुन्या मूर्तीवरून नवी घडवितो, तद्वत. आमच्या वाईच्या घरी, खंडोबाच्या आणि भवानीच्या टाकांशेजारी, पणजोबांनी काशीहून आणलेला चांदीचा एक रामटंका आहे. त्यावर १७४० असे आहे. असल्या शेकडो मुद्रांवर हाच आकडा असतो आणि तो संवत म्हणून धरावयाचा, म्हणजे इसवी १६८३. मुद्रा मात्र पुष्कळ अलीकडची. आमच्या वडिलांनी तो शक धरला होता. शके १७४० म्हणजे पुन्हा १८१८. हा निव्वळ योगायोग आहे. पण पेशवाई बुडाली त्या वर्षी आमच्या घरी राम आला, अशी एक हृद्य कथा त्यावर रचली गेली व ती सांगत आम्ही लहानाचे मोठे झालो. पणजोबा जन्मले तेच मुळी त्यानंतर कितीतरी वर्षांनी!

हे का व्हावे? देवास जुनेपणा लागत नाही. मूर्तीवर कोणी साल घालीत नाही. जुनेपणा लागतो तो आपणास. आपला देव शेजाऱ्याच्या देवाहून जुना असावा, आपली मुद्रा राजाच्या टांकसाळीतली असावी, या हावेपायी यात्रेतल्या पितळेवर साल चढते. गिऱ्हाईक साल मागते, म्हणून ओतारी साल घालतो. विकतानाचे हे लहानसे असत्य त्या दिवशी कोणास दुखवीत नाही. चार पैशांची वस्तू चार पैशांस जाते, पूजेत बसते आणि दोन पिढ्या निमूट पडून राहते. मग एके दिवशी तांदूळ ओढणारा माणूस दारात येतो. तो अम्मांच्या रामाकडे पाहतच नाही. तो उलट अंग पाहतो. मुद्रेवर नुसता राम असता, तर त्यास त्या घरात पाऊल टाकण्यास जागा नव्हती. ते साल हीच त्याची वाट, आणि ती वाट देवाच्याच पाठीवर आखून ठेवलेली होती. हा बाजार एवढा वाढला, की रिझर्व्ह बँकेच्याच नावाने लोक जुन्या नाण्यांच्या विक्रीवर शुल्क उकळू लागले, आणि २०२१ मध्ये बँकेस जाहीर इशारा द्यावा लागला. म्हणून साल खोटे आहे हे सांगितलेच पाहिजे. भाविकास वाईट वाटेल म्हणून ते गिळून टाकणे म्हणजे त्याच्या नातवास ठकाच्या हवाली करणे होय.

आमची चूक सांगण्यात नव्हती. दोन अंगांच्या वस्तूस आम्ही एकच विशेषण दिले, ही आमची चूक. कोणी विचारील, की बाबूजी सुज्ञ होते, त्यांनी हा भेद स्वतः का केला नाही? त्यांना आम्ही वेळ दिला नाही, आणि आम्ही पडलो साहेब. साहेबाने फाइलीवर ‘नामंजूर’ लिहिले, की बाबू कारणे विचारीत नाही.

पुढच्या रविवारी पुरचुंडी घेऊन आम्ही स्वतः त्यांच्या घरी गेलो. बाबूजींस सारे समजावून सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग एक कोरा कागद पुढे करून म्हणाले, ‘‘साहेब, हे लिहून द्या. उद्या मी नसेन; मुलांपुढे तोच माणूस पुन्हा येईल.’’ आम्ही लिहिले, की ही मुद्रा चलनी नाणे नव्हे, तिच्यावरील कंपनीचे नाव व साल बनावट आहे, धातू पितळ, बाजारभाव नगण्य, पूजेतील वस्तू म्हणून घरात दोन पिढ्या आहे. शेवटचे कलम आम्ही आपणहून घातले. त्यांनी तारीख टाकावयास लावली, सही घेतली आणि कागदाची घडी लाल कापडात ठेवली.

अम्मा आतल्या ओसरीवर बसल्या होत्या. डोळ्यांनी फारसे दिसत नसावे. त्यांनी मुद्रा तळहातावर घेतली आणि अंगठ्याने चाचपून अंग सरळ केले. आम्ही म्हणालो, ‘‘अम्मा, मी चुकीचे बोललो होतो. मागच्या बाजूस कंपनीचे नाव आहे, ते तेवढे खोटे आहे.’’

‘‘कसली कंपनी, भैया?’’ त्या म्हणाल्या. ‘‘ती बाजू तर मी खाली ठेवते.’’ मग त्यांनी नातीस हाक मारून पाण्याचा लोटा मागविला आणि आम्हांस विचारले, ‘‘इतके दिवस यांना स्नान घातले होते की नाही?’’